बी. डी. डी. चाळी : एका पावतीमागची माणसे

मुंबईत १८५४ साली पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन झाली आणि पुढे परळ, लालबाग, वरळी, नायगाव हा टापू 'गिरणगाव' म्हणून ओळखला जाऊ लागला. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेल्या कामगारांच्या निवाऱ्यासाठी सरकारने १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खाते काढले. खर्चासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसविला. संकल्प ५० हजार खोल्यांचा होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे २०७ चाळींत सुमारे १६ हजार खोल्या झाल्या.

आमचे आयुष्य सरकारी दप्तरात गेले. दप्तराची रीत आम्हांस ठाऊक आहे : खोली एक, भाडेकरू एक, पावती एक. परंतु १६० चौरस फुटांच्या त्या खोलीत एका नावाआड कितीतरी माणसे राहत. दिवसपाळीचा गडी बाहेर पडला की रातपाळीहून आलेला त्याच जागी अंग टाकी. गावाकडून आलेला पोरगा आधी गावकऱ्यांच्या खोलीत उतरे, मग ओळखीने गिरणीत चिकटे. या सर्वांच्या पोटाची काळजी वाहणारी खानावळवालीही दप्तराला अपरिचितच होती. गोवा मुक्तिलढ्यातील कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कोठे त्यांची नावे कागदावर चढली.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो लांबला तसे अनेक जण गावी परतले. ज्यांचे नाव पावतीवर नव्हतेच, त्यांच्या जाण्याची नोंद तरी कोण ठेवणार?

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या सदनिकांच्या किल्ल्या मिळाल्या. या न्यायाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. मात्र पात्रता कागदावर ठरते आणि कागद एकाच्याच नावाचा असतो. जुनी चाळ पडते, तेव्हा उरलेल्यांची शेवटची खूणही जाते. आपल्या बेळगाव-गोव्याकडील घरांतूनही कोणी ना कोणी गिरणगावात पाळी करून आले असेल. त्यांचे नाव, गिरणी, खोली व जेवणाचे ठिकाण घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवावे. दप्तराने न ठेवलेली ही नोंद आता आपल्यालाच ठेवावयाची आहे.