ईटन यांची तरती पाठशाळा

सन १८२६ च्या मे महिन्याच्या आरंभीं अमेरिकेंतील न्यू यॉर्क संस्थानांतल्या ट्रॉय या गांवाहून एक नौका एरी कालव्यानें पश्चिमेकडे निघाली. ‘लाफायेत’ हें तिचें नांव. कालवा वाहतुकीस खुला होऊन अद्याप पुरें वर्षहि झालें नव्हतें. धान्य, लांकूड, मीठ आणि नव्या मुलुखांत वसाहत करण्यास निघालेलीं कुटुंबें यांचीच ये-जा त्या पाण्यावर चाले. या नौकेंत मात्र हातोडे होते, दगड व वनस्पति ठेवण्याची सोय होती, आणि सुमारें वीस तरुण मंडळी होती. त्यांचे गुरु आमोस ईटन यांचें वय पन्नास वर्षांचें होतें. भूस्तरशास्त्राचा धडा पुस्तकांतून न देतां प्रत्यक्ष भूमीच्या पोटांतून द्यावा, एवढ्यासाठींच हा खटाटोप होता.

ईटन यांचें पूर्वचरित्र अशा गुरूस शोभणारें नव्हतें, असें त्या काळच्या पुष्कळ सभ्य गृहस्थांचें मत असल्यास नवल नाहीं. ते मूळचे वकील व जमिनीच्या व्यवहारांतले मुखत्यार. अशाच एका व्यवहारांत खोटा दस्तऐवज केल्याचा आरोप त्यांच्यावर आला आणि १८११ सालीं त्यांना जन्मठेपेची शिक्षा झाली. आपण निर्दोष आहों, असें ते अखेरपर्यंत सांगत राहिले. कारागृहांत सुमारें चार वर्षें गेलीं. तुरुंगाच्या हिशेबाचें काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याचा एक मुलगा होता. त्याला या कैद्यानें फुलें कशीं उकलून पाहावीं, झाडांचीं कुळें कशीं ओळखावीं, हें शिकविलें. तो मुलगा म्हणजे पुढें अमेरिकेंतील वनस्पतिशास्त्रज्ञांचा अग्रणी ठरलेला जॉन टॉरी. ईटन यांचा पहिला नामांकित शिष्य असा गजांआड मिळाला.

१८१५ मध्यें सुटका झाल्यावर, चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेला हा माणूस येल येथें बेंजामिन सिलिमन यांच्यापाशीं पुन्हां विद्यार्थी होऊन बसला. १८१७ मध्यें विल्यम्स कॉलेजांत त्यांनीं व्याख्यानें दिलीं, तेव्हां तेथील विद्यार्थी इतके रंगून गेले कीं, त्यांच्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकाचें प्रकाशन वर्गांतील मुलांनींच केलें. पुढें स्टीफन व्हॅन रेन्सेलर या बड्या जमीनदाराच्या खर्चानें त्यांनीं कालव्याच्या मार्गावरील भूस्तरांची पाहणी केली. जमिनीच्या पायीं तुरुंगांत गेलेल्या माणसास आश्रय मिळाला तो देशांतल्या अत्यंत मोठ्या जमीनदाराचा, हा योग चमत्कारिक खरा! याच जमीनदारानें १८२४ च्या नोव्हेंबरांत ट्रॉय येथें रेन्सेलर विद्यालय स्थापिलें व ईटन यांना तेथें मुख्य अध्यापक नेमिलें.

या विद्यालयाची रीत सर्वस्वीं उलटी होती. इतरत्र गुरु बोले आणि शिष्य ऐके. येथें शिष्य उभा राहून व्याख्यान देई, प्रयोग करून दाखवी, आणि गुरु श्रोता होऊन चुका काढी. ज्याला दुसऱ्यास समजावून सांगावयाचें आहे त्याला अर्धवट समजून भागत नाहीं, हा त्यांतला मुद्दा. शिवाय नवागत विद्यार्थ्यालाहि डोंगर, खाणी, कारखाने व शेतें हिंडून स्वतः नमुने जमवावे लागत. प्रथम पुस्तकें पाठ करा, पदवी घ्या, आणि मग संशोधनाच्या वाटेस लागा, हा क्रम ईटन यांना मान्य नव्हता.

एरी कालव्याची लांबी ३६३ मैल होती. ती खोदतांना कामगारांनीं ठिकठिकाणीं खडक फोडला होता. लॉकपोर्टपाशीं तर कठीण खडकांतून खोल वाट काढावी लागली होती. जे थर एरव्हीं माती व झाडी यांखालीं दडून राहावयाचे, ते आतां ताज्या कापाप्रमाणें उघडे पडले होते. काठावरून चालणारे घोडे नौका ओढीत, त्यामुळें तिची गति चालत्या माणसाच्या मानानें फारशी अधिक नसे. उतरून खडक न्याहाळावा, तुकडा फोडून घ्यावा आणि पुन्हां नौका गांठावी, हें तरुण मुलांस सहज साधे. या सफरींत सतरा वर्षांचा आसा फिच होता, जो पुढें कीटकशास्त्रज्ञ म्हणून गाजला. आणि वयानें बराच वडील, विद्युच्चुंबकत्वाच्या शोधांनीं पुढें कीर्ति पावलेला जोसेफ हेन्रीहि होता. दोघांनीं या प्रवासाच्या रोजनिशा लिहिल्या.

परंतु ईटन यांच्या पद्धतीची खरी कसोटी जेम्स हॉल या मुलानें लावली. मॅसॅच्युसेट्समधील हिंगम गांवचा हा गरीब घरचा मुलगा. विद्यालयाची कीर्ति ऐकून तो सुमारें दोनशें मैल पायीं चालत ट्रॉयला आला. १८३२ मध्यें पदवी मिळाली, तरी त्याचे पाय थांबले नाहींत. हेल्डरबर्गच्या टेंकड्यांत हिंडून तो अश्मीभूत शिंपले जमवूं लागला. १८३६ मध्यें न्यू यॉर्क संस्थानानें आपल्या भूमीची शास्त्रीय पाहणी आरंभिली. तींत एबेनेझर एमन्स या ईटन यांच्याच जुन्या शिष्याचा साहाय्यक म्हणून हॉलची नेमणूक झाली, आणि पुढच्याच वर्षीं पश्चिमेकडचा सबंध चौथा विभाग त्याच्याकडे सोंपविण्यांत आला. त्या वेळीं त्याला सव्विसावें वर्ष होतें.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ईटन यांचे शास्त्रीय सिद्धांत फारसे टिकले नाहींत. यूरोपांतील वर्नरच्या मताचा पगडा त्यांच्यावर होता, आणि अमेरिकेंतील थर त्या सांच्यांत बसविण्याची त्यांनीं बरीच ओढाताण केली. त्यांनीं योजिलेलीं नांवें आज कोणी वापरीत नाहीं. आणि तीं बाजूस सारलीं त्यांच्या शिष्यांनीं व शिष्यांच्या सहकाऱ्यांनींच. थराला त्याच्या स्थळाचें नांव द्यावें, पोटांतील अवशेषांवरून त्याची ओळख पटवावी, अशी नवी मांडणी त्यांनीं केली. पॉट्सडॅम, ट्रेंटन, नायगारा हीं नांवें रूढ झालीं तीं अशीं. एमन्सचा अहवाल १८४२ मध्यें निघाला व हॉलचा १८४३ मध्यें. ईटन १८४२ च्या मे महिन्यांतच वारले होते. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवण्यास ज्यांना शिकविलें, ते गुरूच्या कोष्टकावर विश्वास ठेवून कसे राहतील?

ते एकमेकांवरहि विसंबले नाहींत. टॅकोनिक पर्वतांतील खडक जीवावशेषयुक्त थरांत सर्वांहून प्राचीन आहेत, हें एमन्सचें मत हॉलला पटेना. मैत्री तुटली, दोघांचा वाद कडवटपणास पोंचला. एमन्स अखेर १८५१ मध्यें नॉर्थ कॅरोलायनांत नोकरीस गेला व तेथेंच वारला.

हॉल मात्र आल्बनीस ठाण मांडून बसला. न्यू यॉर्कच्या प्राचीन जीवांवरील त्याच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १८४७ मध्यें निघाला आणि शेवटचा १८९४ मध्यें. तीन वर्षांनीं सेंट पीटर्सबर्गला भूस्तरशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हां वयाची पंचाऐंशी वर्षें उलटून गेलेला हा म्हातारा अटलांटिक ओलांडून तेथें गेला, आणि मंडळींबरोबर उरल पर्वताचे खडक पाहून आला.