श्वास, मौन आणि मेंदूच्या लहरी: लोणावळ्यापासून टिटवाळ्यापर्यंत

टिटवाळा हे कल्याण-कसारा मार्गावरचे गाव महागणपतीसाठी ओळखले जाते. कण्व ऋषींचा आश्रम इथे होता आणि शकुंतलेने इथल्याच गणपतीची आराधना केली, अशी आख्यायिका आहे. मंदिराचा इतिहास पेशवे माधवरावांशी जोडला जातो. मंगळवारी, त्यातही अंगारकीला, इथे लोकलने येणाऱ्या भाविकांची रीघ लागते. टिटवाळा स्थानकाच्या पूर्वेला, काळू नदीच्या खोऱ्यातल्या रुंदे गावात धम्मवाहिनी हे विपश्यना केंद्र आहे. तिथे होणाऱ्या दहा दिवसांच्या शिबिरांत ना पूजा असते, ना नामजप. साधक श्वासावर आणि शरीरातल्या संवेदनांवर लक्ष ठेवून तासन्‌तास बसतात. अशा बसण्याने मेंदूत काय घडते, हा प्रश्न विसाव्या शतकाचा. त्याचे उत्तर शोधण्याच्या खटपटीतला महत्त्वाचा टप्पा महाराष्ट्रातच, लोणावळ्यात गाठला गेला.

या इतिहासात १९२४ हे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर या मानसोपचारतज्ज्ञाने माणसाच्या मेंदूतल्या विद्युत लहरींची पहिली नोंद घेतली. ती प्रसिद्ध करायला त्याने पाच वर्षे घेतली. डोळे मिटून शांत बसलेल्या माणसाच्या आलेखात सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांची ठळक लहर दिसते आणि डोळे उघडताच ती मावळते, हे त्याचे निरीक्षण. या लहरीला त्याने अल्फा म्हटले. त्याच वर्षी स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. या दोन घटनांना एकमेकींचा पत्ता नव्हता, पण पुढे तीस-पस्तीस वर्षांनी त्यांच्या वाटा लोणावळ्यातच मिळाल्या.

कुवलयानंद म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे. त्यांनी बडोद्याला जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांकडे शरीरसाधना केली आणि मालसरच्या परमहंस माधवदासजींकडून योग घेतला. योगातल्या क्रिया शरीरात नेमके काय करतात हे तपासून पाहिल्याशिवाय सांगायचे नाही, हा त्यांचा बाणा होता. नौलीचा त्यांचा प्रयोग याचा उत्तम नमुना आहे. नौली करताना पोटाचे सरळ स्नायू पुढे काढले जातात आणि बस्ती या शुद्धिक्रियेत पाणी आतड्यात आपोआप वर चढते, हे हठयोग्यांना ठाऊक होते. ते का चढते, हे मात्र कोणी मोजले नव्हते. कुवलयानंदांनी आतड्यात नळी घालून ती दाबमापकाला जोडली. नौलीच्या क्षणी आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाखाली जात होता. या पोकळीला त्यांनी माधवदासजींचे नाव दिले. क्ष-किरण चित्रांनीही त्यांनी या क्रियांची तपासणी केली. गुप्त समजली जाणारी विद्या आकड्यांत आणि चित्रांत मांडून त्रैमासिकात छापणे ही त्या काळी मोठी धिटाई होती. पुढे १९३२ मध्ये मुंबईत संस्थेचे आरोग्यकेंद्र निघाले आणि योग उपचार म्हणून शहरी माणसाच्या आवाक्यात आला.

चीनमध्ये साधारण असेच वळण एका पिढीनंतर आले. श्वास आणि हालचाल यांची तिथली परंपरा फार जुनी. चांगशाजवळच्या मावांगत्वी इथल्या, इ.स.पू. १६८ च्या थडग्यात रेशमावर रंगवलेला एक तक्ता सापडला. त्यावर व्यायामाच्या ४४ मुद्रा आहेत. पण आज छीगोंग या नावाने जी पद्धत जगभर शिकवली जाते, तिची घडण १९४९ च्या सुमाराची आहे. लिऊ ग्वेइचन हा हपेइ प्रांतातला साम्यवादी पक्षाचा तरुण कार्यकर्ता जठरव्रणाने खंगला होता. गावी परतून तो पारंपरिक श्वसनसाधना शिकला आणि बरा झाला. पक्षाने ती साधना त्याच्याकडून मांडून घेतली, धार्मिक अंग काढून टाकले आणि १९५० च्या दशकात थांगशान व पेइताइहे इथे छीगोंगची उपचारालये उघडली. सांस्कृतिक क्रांतीत ती बंद पडली. त्याच काळात ग्वो लिन या बाईंनी बीजिंगच्या बागांमध्ये लोकांना शिकवणे चालू ठेवले आणि १९८० च्या दशकात छीगोंगची देशभर लाट उसळली. लाटेबरोबर अलौकिक शक्तीचे दावेही आले. अतिसाधनेने बिघडलेल्या मनःस्थितीची नोंद चिनी मानसोपचाराच्या वर्गीकरणाला स्वतंत्रपणे घ्यावी लागली. लोणावळा आणि पेइताइहे यांच्यातले साम्य उघड आहे: दोन्हीकडे साधना मठातून दवाखान्यात आली. फरक असा, की लोणावळ्यात पुढाकार एका शिक्षकाचा होता, तर चीनमध्ये तो राज्यसत्तेचा. म्हणून तिथे साधनेचे नशीब राजकारणाबरोबर फिरत राहिले.

१९५० च्या दशकात मेंदूलहरींचे यंत्र प्रवासात नेण्याइतके आटोपशीर झाले. मिशिगन विद्यापीठातले बसुकुमार बागची आणि कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ वेंगर हे यंत्र घेऊन भारतात फिरले. ठिकठिकाणच्या योग्यांच्या मेंदूलहरी, नाडी, श्वास आणि त्वचेचे विद्युत गुणधर्म त्यांनी एकाच वेळी टिपले. कैवल्यधाम हा त्यांच्या दौऱ्यातला मुक्काम होता. मूळचे बंगाली असलेले बागची तरुणपणी स्वतः संन्यासी होते आणि परमहंस योगानंदांचे सहकारी म्हणून अमेरिकेत गेले होते. यंत्राच्या दोन्ही टोकांची माहिती असलेला असा संशोधक विरळाच. हृदय थांबवल्याचा दावा करणाऱ्यांची नाडी मनगटाला लागेनाशी होते, पण हृदयाचा विद्युत आलेख चालूच राहतो, असे या पाहणीत आढळले. योग्यांची थोरवी कमी करण्याचा त्यात हेतू नव्हता. जे खरोखर घडते ते नीट सांगण्याचा आग्रह होता.

यानंतरचा सर्वांत बोलका प्रयोग दिल्लीचा. आनंद, छिना आणि सिंग यांनी १९६१ मध्ये तो प्रसिद्ध केला. दोन योग्यांनी ४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाऊण तासाहून अधिक वेळ हात बुडवून ठेवला आणि तेवढा वेळ त्यांच्या अल्फा लहरी अखंड राहिल्या. एरवी साध्या आवाजानेही मोडणारी लहर इतक्या वेदनेत टिकली. जपानमध्ये कासामात्सु आणि हिराई यांनी झेन साधकांचा अभ्यास १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात अल्फा मोडत असे, पण प्रत्येक नव्या आवाजाला, सवय न होता, पुन्हा पुन्हा. दोन्ही ध्यानेच, पण एकात जगाला दार बंद तर दुसऱ्यात ते उघडे. सगळी ध्याने एका मापाने मोजता येत नाहीत, हे तेव्हाच दिसून आले होते.

या प्रयोगांत यंत्र फक्त साक्षीदार होते. शिकागोत जो कामिया यांनी १९५८ च्या सुमाराला त्याला शिक्षकाच्या जागी बसवले. अल्फा आली की घंटी वाजवायची. मग माणूस ती मुद्दाम आणायला शिकतो का, हे पाहायचे. लोक शिकले. १९६८ नंतर ही बातमी सर्वदूर गेली आणि काही आठवड्यांत योग्याची मनःस्थिती मिळवून देणाऱ्या उपकरणांचा बाजार उभा राहिला. त्याला उतार लवकरच लागला. पास्कविट्झ आणि ऑर्न यांनी १९७३ मध्ये दाखवले, की प्रशिक्षणाने वाढलेली अल्फा ही बहुधा अंधारात स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मूळ पातळीपलीकडे जात नाही. यंत्रासमोरच्या धडपडीत आधी ती घटते, मग पूर्ववत होते, आणि तीच प्रगती वाटते. आनंदाचा अनुभवही पुष्कळसा अपेक्षेवर अवलंबून असतो, असे इतर प्रयोगांत दिसले. मेंदूलहरींचे प्रशिक्षण त्यामुळे संपले नाही; ते अपस्मार आणि मुलांमधला अवधानदोष यांच्या उपचारांकडे वळले. अवधानदोषावरच्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत मात्र खऱ्या आणि खोट्या प्रशिक्षणाच्या परिणामांत फरक आढळला नाही. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये छापले गेले.

टिटवाळ्याच्या केंद्राची परंपरा या उपचारवाटेपेक्षा वेगळी आहे, आणि इथेच या इतिहासातला खरा पेच आहे. सत्यनारायण गोयंका यांचा जन्म १९२४ चाच, मंडालेचा. त्यांना अर्धशिशीचा असह्य त्रास होता. त्यासाठी ते १९५५ मध्ये रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल होते आणि विपश्यनेचे आचार्यही. निव्वळ डोकेदुखी घालवायला येणाऱ्याला शिकवणे त्यांनी नाकारले. मनाची शुद्धी हा हेतू असेल तरच या, दुखणे गेले तर तो आनुषंगिक लाभ, अशी त्यांची अट होती. चौदा वर्षांनी गोयंका भारतात आले. पहिले शिबिर जुलै १९६९ मध्ये मुंबईत झाले. इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून शिबिरे सुरू झाली. टिटवाळ्याचे केंद्र याच परंपरेतले आणि याच रेल्वेमार्गावरचे.

शिबिराचा दिनक्रम सगळीकडे सारखा. पहाटे चारला घंटा, साडेचारला साधना, अकराला जेवण, संध्याकाळी गोयंकांचे ध्वनिमुद्रित प्रवचन, नऊनंतर विश्रांती. पहिले साडेतीन दिवस आनापान, म्हणजे नाकपुड्यांशी येणाजाणाऱ्या श्वासावर लक्ष. श्वास वळवायचा नाही, मोजायचा नाही. प्राणायामाशी आणि छीगोंगशी इथेच फारकत होते. चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते आणि तासभर न हलता बसण्याचे अधिष्ठान सुरू होते. दहाव्या दिवशी मंगल मैत्री शिकवली जाते आणि तोवर पाळलेले आर्य मौन सुटते. शुल्क नाही, शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर सारे चालते. मोबाइल, पुस्तके, वह्या पहिल्या दिवशी जमा होतात आणि दहा दिवस दुसरी कोणतीही साधना मिसळू नये अशी अट असते. अर्जात मानसिक आजाराविषयी विचारले जाते. चीनचा अनुभव पाहता ही खबरदारी अगदी रास्त म्हणावी लागते. ध्यानाला छीगोंगची वा डोक्यावरच्या लहरमापक पट्टीची जोड देण्याची आजची लोकप्रिय कल्पना अशा शिबिरात बसत नाही, ती या नियमांमुळे.

तरीही विपश्यनेचे साधक प्रयोगशाळांत गेले आहेत. कान, डेलॉर्म आणि पोलिक यांनी २०१० मध्ये अनुभवी साधकांच्या मेंदूत ध्यानावेळी मागच्या भागातल्या वेगवान गॅमा लहरी वाढल्याचे नोंदवले. बेंगळुरूच्या निम्हान्समधल्या अभ्यासकांनी साधकांची झोप तपासली. वय वाढते तशी गाढ, संथ लहरींची झोप घटत जाते. साधकांमध्ये ती तुलनेने टिकून असल्याचे त्यांना आढळले. असे अभ्यास लहान गटांवरचे असतात आणि मुळात नीट झोपणारी माणसेच साधनेत टिकतात का, हा प्रश्न त्यांत उरतो. त्याचा निकाल लावायचा तर त्याच माणसांच्या मेंदूलहरी पहिल्या शिबिराआधी आणि नंतर वर्षानुवर्षे नोंदवाव्या लागतील. हे मोजमाप शिबिराच्या बाहेर होईल, त्यामुळे शिस्तीला धक्का न लावता ते करता येईल.