कानपूरचे भंगार, लोहगावची लिबरेटर

बारामती एमआयडीसीच्या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिकांच्या छोट्या विमानांची ये-जा चालू असते. भोवती बारामती-इंदापूरचा पर्जन्यछायेतला मुलूख. निवृत्त विमाने ठेवायला जगभर असाच कोरडा प्रदेश शोधतात, कारण ॲल्युमिनियमला ओल आणि खारा वारा सोसत नाही. इथे आडवा येतो तो पावसाळा.

कोरड्या जागी विमाने ठेवायची ही चाल दुसऱ्या महायुद्धाने पाडली. 1946 मध्ये अमेरिकेने ॲरिझोनातल्या टूसॉनला, डेव्हिस-मॉन्थन तळावर, बी-29 आणि सी-47 विमाने आणून ठेवली. पाऊस तुटपुंजा, आणि जमीन इतकी टणक की काँक्रीट न ओतताही जड विमान उभे राहते. हिरोशिमावर बॉम्ब टाकणारे ‘इनोला गे’ही काही वर्षे तिथेच होते. लागले तर पुन्हा उडवायचे, नाहीतर सुटे भाग काढायचे, असा सगळा हिशेब.

कानपूरच्या चाकेरी तळावर मात्र विमाने जपायची नव्हती, मारायची होती. ब्रिटिशांना अमेरिकेकडून उसनी मिळालेली बी-24 लिबरेटर युद्ध संपताच परत तरी करायची होती किंवा मोडायची. त्यांनी मोडली, काहींच्या इंजिनांत वाळू ओतली म्हणतात. 1948 मध्ये आपल्या हवाई दलाला बॉम्बफेकी विमाने हवी झाली, तेव्हा हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी याच ढिगाऱ्यात हात घातला. कशीबशी उडण्याजोगी करून ती बंगळूरला नेली आणि तिथे नीट दुरुस्त केली. अशी चाळीसहून अधिक विमाने उभी राहिली. नष्ट करण्याचे काम वाईट झाल्याचा इतका फायदा क्वचितच कुणाला झाला असेल!

त्यांतली काही पुण्याच्या लोहगाव तळावर आली. 1951 मध्ये 6 नंबरची स्क्वाड्रन लिबरेटरवर नव्याने उभी राहिली आणि समुद्रावर टेहळणी करू लागली. 1968 अखेर ही विमाने सेवेतून गेली, तोवर अमेरिकेने आपली जवळपास सगळी वितळवून टाकली होती. म्हणून परदेशी संग्रहालये भारताच्या दारात आली.

नागपूर विमानतळावर पडून राहिलेल्या बोइंग 720 विमानाला मात्र असा कुणी वाली भेटला नाही. 1991 मध्ये तिथे उतरलेले ते विमान मालकाने नेलेच नाही. 2015 पर्यंत ते धावपट्टीजवळ अडून होते.

भारताच्या त्या लिबरेटरांपैकी एक 1969 मध्ये इथून उडत पार टूसॉनला गेले. ते आजही तिथल्या पिमा संग्रहालयात आहे, डेव्हिस-मॉन्थनच्या अगदी शेजारी.