बटणांची प्रमाणभाषा

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने प्लेस्टेशनचा कंट्रोलर माझ्या संगणकाला जोडला. जोडणी झाली, दिवा लागला, खेळ सुरू झाला आणि पडद्यावर आज्ञा उमटली : ‘ए दाबा’. त्याच्या हातातील यंत्रावर ए नावाचे बटणच नव्हते. तेथे फुली, गोल, त्रिकोण आणि चौकोन होते. तरीही क्षणभर न थबकता त्याने फुलीचे बटण दाबले आणि खेळ पुढे सरकला. मी कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, “मामा, ए म्हणजे फुली. सगळ्यांना माहीत असतं.”

चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे आपण भाषाविज्ञानाच्या तासाला दरवर्षी सांगतो. पण एक यादृच्छिक संबंध ‘सगळ्यांना माहीत’ कसा होतो, याचा इतिहास इतका अलीकडचा क्वचितच सापडतो. म्हणून हा लेख.

अटारी कंपनीचा घरगुती कन्सोल १९७७ साली आला. त्याच्या जॉयस्टिकच्या पोटात पाच स्विच होते : चार दिशांचे चार आणि गोळीबाराचा पाचवा. प्रत्येक स्विचला आपली तार, आणि सर्वांना मिळून एक सामाईक तार. काठी डावीकडे झुकली की डावीकडची तार जुळे, बस्स. येथे भाषांतराचा प्रश्नच नव्हता, कारण खूण आणि कृती यांत अंतरच नव्हते. हा नऊ पिनांचा प्लग पुढे अटारीच्या संगणकांनी घेतला, १९८२ च्या कमोडोर ६४ ने घेतला, १९८५ च्या अमिगानेही घेतला. कन्सोलची जॉयस्टिक संगणकाला लावणे ही त्या काळी कोणी कौतुकाने सांगावी अशी गोष्ट नव्हती. ती तशीच लागत असे.

आयबीएमने मात्र १९८१ साली आपल्या पीसीसाठी वेगळी वाट धरली. त्यांच्या पंधरा पिनांच्या जोडणीत काठीची जागा विद्युतरोधावरून ठरे, आणि तो रोध मोजण्यासाठी संगणक एक छोटा कपॅसिटर भरायला किती वेळ लागतो हे मोजत बसे. त्यामुळे खेळापूर्वी ‘काठी मधोमध ठेवा, आता कोपऱ्यात न्या’ असा एक विधी करावा लागे. असो.

खरा दुरावा निंटेंडोने आणला. १९८३ च्या जपानी फॅमिकॉमचे कंट्रोलर यंत्रालाच कायमचे जोडलेले होते. १९८५ साली अमेरिकेत आलेल्या अवतारात प्लग सुटा झाला, पण त्याचा आकार सात पिनांचा आणि खास त्यांचाच. आतही बदल होता. आठ बटणांना आठ तारा न देता एकाच तारेवरून त्यांची स्थिती ओळीने पाठवली जाई : ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. कोणत्या बटणाची खबर आहे हे तारेवरून कळत नसे, ते केवळ क्रमावरून कळे. छंदशास्त्र शिकवणाऱ्यांना हे चटकन उमगेल. स्थानामुळे अर्थ आला, म्हणजेच व्याकरण आले, आणि ते ठाऊक नसणाऱ्याला आतले काहीच कळेना. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ‘टीव्ही गेम’ म्हणून जी नकली यंत्रे घरोघरी आली, त्यांतल्या कित्येकांचा प्लग नऊ पिनांचाच होता. म्हणजे दिसायला अटारीचा आणि बोलायला निंटेंडोचा!

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात जुन्या कन्सोलचे सोंग घेणारे प्रोग्राम संगणकावर आले. खेळ आले, पण हात कळफलकावर अवघडले. कित्येक कळफलकांना एकाच वेळी दाबलेल्या तीनचार कळा ओळखता येत नसत. उडी मारत, उजवीकडे पळत गोळी झाडायची, तर तेवढे लागतेच. मग हौशी मंडळींची नजर संगणकाच्या पाठीमागच्या एका निरुपद्रवी खोबणीकडे गेली : पंचवीस छिद्रांचा प्रिंटर पोर्ट.

या प्रकरणावर जरा थांबावेसे वाटते. त्या पोर्टवर कंट्रोलरला वीज देणारी स्वतंत्र तार नव्हती, म्हणून छापायची अक्षरे वाहून नेणाऱ्या तारांतूनच डायोडच्या साहाय्याने वीज उचलली गेली. त्यांतल्याच दोन तारांनी कंट्रोलरला ‘आता सांग’ आणि ‘पुढचे सांग’ असे इशारे दिले. आणि उत्तर कोठून आले? ज्या तारांवरून प्रिंटर ‘कागद संपला’, ‘मी कामात आहे’ असे निरोप धाडतो, त्याच तारांवरून. कोणाच्या तरी खोलीत कागद संपल्याची तार थरथरे आणि पडद्यावरचा माणूस उडी मारे. लिनक्सच्या गाभ्यात या कामाचा प्रोग्राम वोयतेख पाव्लिक या चेक प्रोग्रामरने घातला. त्याची टिपणेही सोबत आहेत. कोणती तार कोठे जोडावी याच्या आकृत्या त्यांत केवळ टंकाक्षरांच्या रेघांनी काढलेल्या आहेत. विंडोज ९५ आणि ९८ साठीही असे प्रोग्राम हौसेने लिहिले गेले. या लेखनाला वाङ्मयप्रकार म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, पण अनोळखी वाचकाविषयीची अशी कळकळ आपल्या कित्येक समीक्षाग्रंथांत आढळत नाही, एवढे नोंदवतो.

विंडोजच्या पुढच्या आवृत्त्यांनी पोर्टला थेट हात लावण्यास साध्या प्रोग्रामांना मनाई केली, आणि यथावकाश संगणकावरून तो पोर्टही गेला. त्याच्या जागी १९९६ साली जाहीर झालेली यूएसबी जोडणी रुळली. इंटेलमध्ये ती घडवणाऱ्यांतील प्रमुख अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. यूएसबीने प्लगचा प्रश्न जवळजवळ मिटवला. जोडलेले यंत्र आता स्वतःची ओळख करून देऊ लागले : मला इतके अक्ष आहेत, इतकी बटणे आहेत, त्यांचे क्रमांक हे.

पण क्रमांक म्हणजे अर्थ नव्हे. एका कंपनीचे बटण क्रमांक तीन खाली, तर दुसरीचे वर. युनिकोडपूर्व काळात मराठी मजकूर ज्यांनी संगणकावर हाताळला, त्यांना हे दुखणे नव्याने सांगायला नको. संकेतांक तोच, पण फाँट बदलला की कवितेची भाजी व्हायची! प्रत्येक नव्या खेळापुढे बसून ‘उडीचे बटण कोणते’ हे खेळाडूला हाताने सांगावे लागे.

हा गोंधळ मिटवला तो मायक्रोसॉफ्टने, आणि मिटवला म्हणताना थोडे अडखळायला होते. त्यांच्या २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्सचा कंट्रोलर मुळात यूएसबीच होता. प्लगचा आकार मुद्दाम निराळा ठेवलेला होता, आणि लोकांनी तार कापून त्याला साधा प्लग जोडला. २००५ च्या एक्सबॉक्स ३६० चा तारेचा कंट्रोलर मात्र थेट संगणकाला लागे. सोबत विंडोजसाठी एक्सइनपुट नावाची नवी पद्धत आली. तिच्यात क्रमांकांऐवजी नावे होती : ए, बी, एक्स, वाय. ए म्हणजे खालचे, ही गोष्ट कायमची ठरली. खेळ लिहिणाऱ्यांची सोय झाली आणि पुष्कळ खेळ एवढी एकच बोली ओळखू लागले.

प्रमाणभाषा ही अशीच घडते. ती सोयीची असते यात शंका नाही, आणि ती कोणाची तरी बोली असते यातही नाही. बाकीच्यांना मग वेषांतर करावे लागते. सोनीचा प्लेस्टेशन ३ चा कंट्रोलर विंडोजला जोडला की ठराविक आज्ञा मिळेपर्यंत मुका राही. हौशी प्रोग्रामरांनी त्याला बोलते केले, पण खेळापुढे उभे केले ते ‘मी एक्सबॉक्सचा कंट्रोलर आहे’ असे खोटे सांगायला लावूनच. पुढे स्टीमने २०१६ पासून सोनीच्या नव्या कंट्रोलरला खऱ्या नावाने ओळखायला सुरुवात केली. शेकडो यंत्रांची बटणे जुळवून देणारी एक खुली यादीही स्वयंसेवकांनी वाढवत नेली आहे. पडद्यावरची आज्ञा तरी बहुधा ‘ए’चीच उरते.

आता भाच्याच्या फुलीकडे. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरचे रचनाकार तेइयू गोतो यांनी सांगितल्याप्रमाणे गोल म्हणजे होकार, फुली म्हणजे नकार, त्रिकोण म्हणजे दृष्टिकोन आणि चौकोन म्हणजे कागद. जपानात उत्तरपत्रिकेवर बरोबर उत्तराला गोल करतात, त्यामुळे तेथील खेळांत गोलाने होकार दिला जाई. पश्चिमेत तोच होकार फुलीकडे गेला. २०२० च्या प्लेस्टेशन ५ पासून जपानातही फुलीच होकाराची झाली. निंटेंडोची गंमत आणखी वेगळी. त्यांच्याकडे ए नावाचे बटण आहेच, पण ते उजवीकडे आहे. त्या कंट्रोलरवर नाव वाचून ए दाबणारा फसू शकतो आणि जागा ओळखून बी दाबणारा तरतो. भाच्याचे विधान म्हणूनच सर्वस्वी खरे नाही. ए म्हणजे फुली नव्हे. ए म्हणजे खालचे, आणि खाली योगायोगाने फुली आहे. नकाराचे चिन्ह दाबून तो होकार देत होता, आणि त्याला त्याचे काही वाटत नव्हते.

या प्रमाणभाषेविषयी माझे मत बरेच दिवस प्रतिकूल होते. ते थोडे बदलले ते मायक्रोसॉफ्टनेच २००८ नंतर दहा वर्षांनी, म्हणजे २०१८ साली, अपंग खेळाडूंसाठी आणलेल्या कंट्रोलरविषयी वाचल्यावर. दोन मोठी बटणे, आणि पाठीमागे साडेतीन मिलिमीटरच्या एकोणीस खोबणी, हेडफोनला असतात तशा. प्रत्येक खोबणीत एक साधा स्विच लागतो. तो कोपराने, टाचेने, डोक्याच्या हालचालीने, जसा जमेल तसा दाबायचा. एक स्विच, एक तार : १९७७ ची अटारीच. ही पेटी यूएसबीने संगणकाला जोडली की संगणकाला ती एक्सबॉक्सचा कंट्रोलर म्हणूनच दिसते, आणि म्हणून अपंगांचा विचार करून न लिहिलेले खेळही तिला ओळखतात. पडद्यावर ‘ए दाबा’ येते. कोणीतरी टाच टेकवते आणि दार उघडते.