आदामाचे दोन शिक्षक

ख्रिस्ती परंपरेत देवदूत हा मुळात देवाचा निरोप्या. पण तो माणसाला ज्ञान देऊ शकतो का, आणि कसे, हाही विद्वानांच्या चर्चेचा विषय होता. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने त्याचे उत्तर मांडले. देवदूताला ज्ञान होण्यासाठी इंद्रिये लागत नाहीत. माणसाची बुद्धी मात्र इंद्रियांवाचून चालत नाही. म्हणून माणसाला शिकवायचे तर देवदूतानेही सत्य दृश्य रूपांतूनच मांडले पाहिजे.

धर्मसुधारणेनंतर देवदूतांविषयीची मते फाटली. प्रत्येकाला स्वतंत्र रक्षक देवदूत असतो, असे ठामपणे म्हणायला धर्मसुधारक कॅल्व्हिन तयार नव्हता. कॅथलिकांत मात्र ही भक्ती वाढली आणि १६०८ मध्ये पोप पाचवा पॉल याने तिच्या सणाला मान्यता दिली. इंग्लंडमध्ये गणिती जॉन डी तर १५८० च्या दशकात, स्फटिकात पाहणाऱ्या एडवर्ड केलीमार्फत, थेट देवदूतांकडूनच विद्या मिळवू पाहत होता.

देवदूत हा माणसाचा शिक्षक, या कल्पनेला सर्वांत सखोल रूप दिले इंग्रज कवी जॉन मिल्टनने. त्याने स्वतः लंडनमध्ये भाच्यांना शिकवले होते आणि इंद्रियगोचर वस्तूंपासूनच शिक्षण सुरू व्हावे, असे १६४४ च्या शिक्षणविषयक पुस्तिकेत लिहिले होते. १६६७ च्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्यात राफाएल हा देवदूत तेच करतो. तो पहिला मानव आदाम याच्याबरोबर जेवायला बसतो आणि स्वर्गातले युद्ध पृथ्वीवरच्या उपमांनी समजावतो. आदामाने ग्रहताऱ्यांच्या गतीविषयी विचारल्यावर तो सूर्यकेंद्री शक्यताही मांडतो, पण निर्णय देत नाही. जगण्याला लागेल तेवढे आधी जाण, असे बजावतो. मिल्टन गॅलिलिओला भेटून आला होता, हे लक्षात घेता हा संयम अज्ञानातून आलेला नाही.

आदामाने देवाची आज्ञा मोडल्यानंतर, म्हणजे पतनानंतर, येणारा दुसरा देवदूत मीखाएल अधिक कडक. औषधी वनस्पतींनी आदामाची दृष्टी स्वच्छ करून तो त्याला डोंगरावरून भविष्य दाखवतो. तंबूंतल्या सुंदर स्त्रिया आणि नाचगाणे पाहून आदाम हरखतो, तेव्हा मीखाएल त्याची चूक लगेच दाखवून देतो. शिष्याला चुकू देऊन मग सुधारण्याची ही रीत जातिवंत शिक्षकाची आहे. जलप्रलयापर्यंतची दृश्ये पाहून आदामाची मर्त्य नजर थकते. ते ओळखून मीखाएल दाखवणे थांबवतो आणि पुढचा सारा इतिहास तोंडी सांगतो.