मोफत धडा कुठून आला?

२०२० च्या टाळेबंदीत इचलकरंजीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. दाजींचे माग बंद होते, कामगार गावी गेले होते. रिकाम्या दिवसांत तिनं ठरवलं होतं, की मागावरच्या मजुरीचा हिशेब वहीऐवजी कॉम्प्युटरवर मांडायला शिकायचं. क्लासला कुलूप. मी थोरल्या भावाच्या थाटात म्हणालो, "अगं, इंटरनेटवर सगळं फुकट आहे. घरबसल्या शीक." चार लिंका पाठवल्या आणि मोकळा झालो.

महिन्याभरानं विचारलं, तर म्हणाली, "भाई, फुकट आहे खरं, पण सगळं इंग्रजीत आहे. आणि फोन दिवसभर पोरांच्या शाळेला लागतो."

मी गप्प झालो. 'सगळं फुकट आहे' हे वाक्य आपण फार सहज बोलतो. इंटरनेट आलं आणि त्याच्यामागून शिक्षण आपोआप मोफत झालं, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात प्रत्येक वेळी कुणीतरी ते मोफत द्यायचं ठरवलं, आणि तेव्हा विकण्याचा रस्ताही समोर होता.

१९९९-२००० ची गोष्ट. अमेरिकेत इंटरनेट कंपन्यांचे शेअर आभाळाला भिडले होते. तिथली विद्यापीठंही आपले अभ्यासक्रम ऑनलाइन विकून पैसा मिळवायच्या तयारीत होती. कोलंबिया विद्यापीठानं २००० मध्ये त्यासाठी 'फॅदम' नावाची कंपनीच उभी केली. एमआयटीपुढेही (पुण्यातलं नव्हे, अमेरिकेतलं) हाच प्रश्न होता. तिथल्या प्राध्यापकांच्या समितीनं विचार केला आणि उलटाच सल्ला दिला: विकू नका, देऊन टाका. एप्रिल २००१ मध्ये अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट यांनी 'ओपनकोर्सवेअर'ची घोषणा केली. २००२ मध्ये ५० अभ्यासक्रम सर्वांसाठी खुले झाले, २००७ पर्यंत जवळपास १,८०० झाले. व्याख्यानांच्या नोंदी, गृहपाठ, परीक्षांचे पेपर असं सगळं त्यात होतं. पदवी तेवढी नव्हती. फॅदम मात्र २००३ मध्येच बंद पडली.

याच सुमारास आणखी एक काम झालं, ज्याची चर्चा कमी होते. डिसेंबर २००२ मध्ये 'क्रिएटिव्ह कॉमन्स'चे परवाने आले. लेखक आधीच लिहून देतो, की माझं नाव ठेवा आणि हे खुशाल वाटा. काही परवान्यांत बदल करायची, भाषांतर करायचीही मुभा. वाचायला फुकट असणं वेगळं आणि आपल्या भाषेत आणून वाटायची मोकळीक असणं वेगळं. मराठी माणसाच्या कामाची ही दुसरी गोष्ट आहे.

आपल्याकडे २००३ मध्ये सात आयआयटी आणि बंगळूरची आयआयएस्सी यांनी मिळून 'एनपीटीईएल' सुरू केलं. लहान गावातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलालाही आयआयटीचं व्याख्यान बघता यावं, हा हेतू. अभ्यासक्रम मोफत. २०१४ पासून प्रमाणपत्राची सोयही झाली, पण त्याची परीक्षा केंद्रावर जाऊन आणि फी भरून. पण हे सारं आधीच कॉलेजात पोचलेल्यांसाठी, आणि बव्हंशी इंग्रजीत. माझ्या बहिणीचा त्यात पत्ताच नव्हता.

२००४ मध्ये सलमान खान (नट नव्हे) बोस्टनमध्ये एका गुंतवणूक कंपनीत कामाला होता. बंगाली मुसलमान घरातला. न्यू ऑर्लिन्समधली नात्यातली बहीण, नादिया, हिला गणित जमेना, म्हणून तो रात्री फोनवरून आणि इंटरनेटवरून शिकवू लागला. मग आणखी भावंडं आली. सगळ्यांना वेळ देणं जमेना, तेव्हा २००६ पासून त्यानं यूट्यूबवर छोटे व्हिडिओ टाकले. त्यावर भावंडं त्याला म्हणाली, की प्रत्यक्ष तुझ्यापेक्षा व्हिडिओतला तूच बरा. तो सांगतो तेव्हा हसू येतं, पण कारण साधं आहे. व्हिडिओ थांबवता येतो, मागं नेता येतो, आणि पाचव्यांदा विचारलं तरी समोरचा वैतागत नाही. क्लासमध्ये 'सर, पुन्हा सांगा' म्हणायची लाज किती जणांचं शिक्षण खाऊन जाते, हे आपल्या घरांतल्या बायकांना विचारा. २००९ मध्ये नोकरी सोडून त्यानं 'खान अकादमी'ला वाहून घेतलं.

भाऊ रात्री बहिणीला शिकवतो, हे वाचताना मला बेगम रुकैया आठवल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधल्याच एका जमीनदार घरात, मुलींना इंग्रजी-बांगला शिकायची परवानगी नसताना, थोरल्या भावानं, इब्राहिमनं, त्यांना रात्री घर झोपल्यावर शिकवलं. पुढे १९११ मध्ये त्यांनी कोलकात्यात मुलींची शाळा चालवायला घेतली. तिथंही मुख्य अडचण पुस्तकाची नव्हती. घरच्यांची परवानगी मिळणं, हीच होती.

ती अडचण अजून आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या पुरुषांपैकी ५७.१ टक्के जणांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेलं होतं, बायकांमध्ये ३३.३ टक्के. २०१६ मध्ये डेटा स्वस्त झाल्यानंतरचे हे आकडे आहेत. धडा फुकट आहे, पण तो ज्या फोनवर उघडायचा तो अनेक घरांत एकच, आणि तो कुणाच्या हातात असतो ते सांगायला नको.

शोधता शोधता मला मुंबई आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प सापडला. प्रा. कन्नन मौदगल्य यांनी उभा केलेला, केंद्र सरकारच्या पैशावर चाललेला. धडे साधारण दहा मिनिटांचे. पडद्यावर इंग्रजीच दिसतं, कारण कामाच्या ठिकाणी बटणांवर तेच असणार. पण समजावणारा आवाज मराठीत. अर्ध्या पडद्यावर धडा लावायचा, उरलेल्या अर्ध्यात तसंच करून बघायचं. शिकवतात ते 'लिब्रेऑफिस'सारखं मोफत सॉफ्टवेअर, म्हणजे विकत काही घ्यायला नको. धडे उतरवूनही घेता येतात.

मी माझा जुना लॅपटॉप आणि हिशेबतक्त्याचे मराठी धडे भरलेला पेनड्राइव्ह एका ओळखीच्या गाडीनं इचलकरंजीला पाठवला. लिंका पाठवण्यापेक्षा हे आधीच सुचायला हवं होतं. बहीण फजरनंतर, पोरं उठायच्या आत, तासभर बसू लागली.

माग सुरू झाल्यावर एकदा तिचा फोन आला, की एका कामगाराची बेरीज कमी येते. मलाही उमजेना. दुसऱ्या दिवशी तिनंच सांगितलं: धडा पुन्हा ऐकला, तर चूक सापडली. काही खान्यांत तिनं आकड्यापुढं 'मी.' असं मीटर लिहिलं होतं, आणि अक्षर आलं की तो खाना बेरजेत धरलाच जात नाही. त्या शनिवारची मजुरी तिच्या कागदावरून वाटली गेली. दाजी अजून वहीही लिहितात आणि दोन्ही ताडून बघतात.