न पाठवलेले पत्र

हाताखालच्या माणसाने काम बिघडवले, की धन्याचा पारा चढायला क्षण पुरतो. मग तो धनी पेढीचा असो, कचेरीचा असो, नाहीतर घरातला कर्ता असो. रागाच्या भरात गेलेला शब्द मात्र वर्षानुवर्षे सलत राहतो. अमेरिकेचा अध्यक्ष अब्राहम लिंकन याच्यावर असे प्रसंग वारंवार आले. आणि तिथे चुकीची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागत होती.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात जॉर्ज मॅक्लेलन सरसेनापती झाला. वय अवघे चौतीस. फौजेला शिस्त लावण्यात वाकबगार, पण स्वतःविषयीची कल्पनाही तेवढीच मोठी. १३ नोव्हेंबरच्या रात्री लिंकन त्याच्या घरी गेला. बरोबर परराष्ट्रमंत्री सीवर्ड आणि तरुण चिटणीस जॉन हे. सेनापती लग्नाला गेले होते. तासाभराने स्वारी परतली आणि अध्यक्ष खाली बसले आहेत हे कळूनही तडक माडीवर निघून गेली! अर्ध्या तासाने पुन्हा निरोप पाठवला, तर उत्तर आले, सेनापती झोपले. चिटणिसाला संताप आवरेना. ही सारी हकीगत त्यानेच रोजनिशीत लिहून ठेवली आहे. लिंकनने मात्र त्याची समजूत घातली, की ही वेळ मानापमान मोजण्याची नव्हे.

पण अपमान गिळणे निराळे आणि कामातली दिरंगाई खपवून घेणे निराळे. १७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटीटमची लढाई झाली. शत्रू माघारला, पण मॅक्लेलन नेटाने पाठलागावर निघेना. लिंकन स्वतः छावणीत जाऊन आला, पत्रे लिहून पाहिली. घोडे थकल्याची सबब आली, तेव्हा त्याने तारेने विचारले, की अँटीटमनंतर या घोड्यांनी थकण्याजोगे केले तरी काय? अखेर ५ नोव्हेंबरला मॅक्लेलनला दूर करण्याचा हुकूम सुटला. ही सबुरी जरा लांबलीच, असे कोणी म्हटले तर त्याला खोटे पाडणे कठीण आहे.

खरी कसोटी पुढेच होती. २८ जून १८६३ रोजी पोटोमॅक सेनेची सूत्रे जॉर्ज मीडच्या हाती आली, आणि तीनच दिवसांनी गेटिसबर्गची घनघोर लढाई जुंपली. ३ जुलैला मीड जिंकला. पराभूत लीची फौज पोटोमॅक नदीपाशी आली, तो नदीला पूर! आता युद्ध संपलेच, असे लिंकनला वाटले. पण मीड सावधपणे थांबला आणि १३ जुलैच्या रात्री ली पार निसटला.

१४ जुलैला लिंकनने मीडला पत्र लिहिले. विजयाबद्दल आभार मानले, पण हातातोंडाशी आलेला घास गेला आणि आता लढाई किती लांबेल याचा नेम नाही, ही व्यथाही त्यात उतरली. मग त्याने ते पत्र बाजूला ठेवले. पाकिटावर नोंद केली, की हे कधी पाठवले नाही, त्यावर सही केली नाही. अध्यक्षांची नाराजी कानावर येताच मीडने त्याच दिवशी राजीनामा देऊ केला होता. तोही स्वीकारला गेला नाही. पुढे ग्रँट सरसेनापती होऊन आला, तरी पोटोमॅक सेना मीडकडेच राहिली. ९ एप्रिल १८६५ रोजी लीने शस्त्रे खाली ठेवली, तेव्हाही तिचा सेनापती मीडच होता.

एकाला वर्षभर संधी देऊन दूर केले, दुसऱ्याला एका चुकीसाठी दुखावले नाही. पहिला सबबी सांगत होता. दुसरा तीन दिवस झुंजून थकला होता. हा फरक ओळखायला मन थंड असावे लागते, आणि लिंकनने ते कागदावर थंड करून घेतले.

सणाच्या धांदलीत कुणाच्या हातून काही सांडले-लवंडले, तर आपणही तोंड उघडण्यापूर्वी ते पत्र आठवावे. बोलणे उद्यावर टाकता येते. बोललेले परत घेता येत नाही.